गाडी सव्वापाचला सुटायची

आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुली एकामागून एक शाळा सोडत होत्या आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

शाळा तालुक्याच्या गावी, मुली आसपासच्या वाड्यांवरच्या. मला मुख्याध्यापिका होऊन दुसरंच वर्ष चाललं होतं. जूनमध्ये पटावर असलेल्या मुलींपैकी सात जणी दिवाळीच्या सुट्टीनंतर आल्याच नाहीत. आईबाप लवकर लग्नं उरकतात, मुलीच्या शिक्षणाचं महत्त्व त्यांना वाटत नाही, हे आम्ही शिक्षक एकमेकांना इतक्यांदा सांगत आलो होतो की ते खरं आहे का, हे बघावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. आम्ही पालकसभा घेतली. बाहेरगावच्या एका वक्त्यांना बोलावून सावित्रीबाईंवर व्याख्यान ठेवलं. पालक आले, मागच्या बाकांवर बसले, चहा घेऊन निघून गेले. जानेवारीत आणखी दोघी गळाल्या.

शाळेची घंटा देणाऱ्या, वर्ग झाडणाऱ्या एक मावशी होत्या. एका संध्याकाळी माझ्या खोलीला कुलूप लावायचं म्हणून त्या दाराशी थांबल्या होत्या. मी हजेरीपट मिटता मिटता सहज विचारलं, "मावशी, या वाडीवरच्या पोरी का हो येत नाहीत?"

"बाई, गाडी सव्वापाचला सुटती. तुमचा जादा तास सुटतो पावणेसहाला."

पुढची गाडी मुक्कामाची, साडेसातची. ती फाट्यावर सोडते. फाट्यापासून वाडी अडीच किलोमीटर, मधे ओढा, दिवा एकही नाही. पावसाळ्याच्या शेवटापर्यंत कसंबसं चाललं, पण दिवाळीनंतर सहालाच अंधारून येतं. मुलींच्या दप्तरात एसटीचा मोफत पास होता, अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतला. पास होता, गाडी मात्र निघून गेलेली असायची. आणि तो जादा तास ऑगस्टपासून मीच सुरू केला होता, गणित आणि इंग्रजी कच्चं राहू नये म्हणून, फार हौसेनं.

"हे तुम्ही आधी का नाही बोललात?" मी विचारलं.

"मला वाटलं तुम्हाला म्हाईत असंल. टाइमटेबल तुमच्या मागंच लावलंय की."

मी मान वळवून पाहिलं. माझ्या खुर्चीच्या पाठीमागच्या भिंतीवर, महिन्याच्या नियोजनाच्या तक्त्याखाली, एसटीचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, खालच्या कोपऱ्यात शाईचा डाग. माझ्या समोर बसणाऱ्या प्रत्येकाला ते दिसत असणार. मी तेवढी त्याच्याकडे पाठ करून बसत होते.

जादा तास आम्ही सकाळी प्रार्थनेच्या आधी घेतला. नऊपैकी चौघी परत आल्या. पाच जणी आल्या नाहीत. त्यांतल्या दोघींची लग्नं खरोखरच ठरली होती. आमची समजूत अगदीच खोटी नव्हती, हे मला इथे नोंदवायला हवं. ती दोघींच्या बाबतीत खरी होती आणि आम्ही ती नऊ जणींना लावली होती.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला मला सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी ती भिंत आठवली. पुढच्या पानांत लिहिणारी माणसं लहान लहान संस्था चालवणारी आहेत: कुणी सरपंच, कुणी बचतगटाच्या अध्यक्ष, कुणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिका, कुणी दूध संस्थेचे सचिव. नेतृत्व हा शब्द त्यांच्यातल्या बहुतेकांना अवघड वाटतो. तो भाषणातला शब्द आहे. 'माझ्यावर जबाबदारी आहे' असं ते म्हणतात, आणि मला तेच बरोबर वाटतं. जबाबदारी वाढत जाते तसं माणसाला दिसायचं कमी होत जातं. हे कसं होतं आणि त्यावर काय करता येतं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आमच्या शिक्षकखोलीचंच बघा. आम्ही चौदा जण होतो. कष्टाळू, मुलांवर माया करणारे, एकमेकांशी मोकळेपणानं भांडणारे. दर शनिवारी बैठक व्हायची आणि तिच्यात खरोखर वेगवेगळी मतं पडायची. मला वाटायचं, आपण सगळ्यांचं ऐकतो. पण त्या चौदांपैकी एकही जण एसटीनं येत नव्हता. निम्मे गावात राहणारे, बाकीचे मोटारसायकलवर. चौदा मतं होती, पण ती एकाच जागेवर उभं राहून दिलेली होती. अशा चौदा जणांना चौदा वर्षं विचारलं असतं, तरी सव्वापाचची गाडी आमच्या बोलण्यात आली नसती.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण आपल्याकडे कर्त्या माणसांना फार सोयीची पडली आहे. ऐकण्याचा भाग उरकायचा आणि मग ठरलेलं करायचं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभाही घ्यावी लागते. ही तरतूद करणाऱ्यांनी फार विचार केलेला आहे. पण कितीतरी गावांत सभेचं रजिस्टर घरोघर फिरतं, बायका दारातच उभ्या राहून सही करतात आणि सभा 'झाली' असं लिहिलं जातं. शाळा-कचेऱ्यांतल्या सूचनापेट्यांचंही तेच. मला त्या म्हणीबद्दल एक शंका आहे, ती मी मुलांनाही विचारत असे. जनाचं ऐकून झाल्यावर जे मन करणार आहे, ते ऐकण्याआधीचंच मन असेल, तर ऐकलं काय?

ज्या गावानं या शंकेवर नीट, वर्षानुवर्षं काम केलं, ते गाव आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा. लेखा गावाच्या शेजारचं म्हणून मेंढा-लेखा. शंभरेक उंबऱ्यांचं गोंड आदिवासींचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा अनेकांनी ऐकलेली असते आणि बहुतेकांना ती बंडाची घोषणा वाटते. मी ती अभ्यासाची घोषणा म्हणून वाचते.

१९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम इथल्या नियोजित धरणांविरुद्ध त्या भागात आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे त्यात होते. त्या चळवळीतून मेंढ्याचे देवाजी तोफा पुढे आले. 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल लोकसहभागाचा अभ्यास करायला म्हणून गावात आले आणि गावाशी कायमचे जोडले गेले. या दोघांच्या मैत्रीतून आणि गावाच्या स्वतःच्या शहाणपणातून एक रचना तयार झाली. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात ती सविस्तर आली आहे. मला त्यातला एकच धागा इथे उचलायचा आहे.

मेंढ्यात दोन बैठकी असतात. एक ग्रामसभा, दुसरी अभ्यासगट. ग्रामसभेत निर्णय होतात, पण ते बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एका माणसाचं जरी पटलं नसेल, तरी विषय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बोलायचं. अभ्यासगटात याच्या उलट, निर्णय घ्यायचाच नाही. तिथे फक्त एखादा विषय समजून घ्यायचा. ज्याला गोडी असेल त्यानं यावं, बाहेरच्या माणसांनाही बोलवावं, त्यांना खोदून खोदून विचारावं, आपलंही सांगावं. बाहेरच्यांनी गावासाठी निर्णय घ्यायचा नाही आणि गावानं बाहेरच्यांचं ज्ञान नाकारायचं नाही, अशी ही विभागणी.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ती साधीशी व्यवस्था वाटली. शाळा चालवायला लागल्यावर तिचं मोल कळलं. आपल्या बहुतेक बैठकांत समजून घेणं आणि ठरवणं एकाच तासात कोंबलेलं असतं. समोर निर्णय टांगलेला असला की माणूस बाजू घेतो. अर्धवट सुचलेलं बोलत नाही, कारण ते आपल्याविरुद्ध वापरलं जाईल अशी भीती असते. 'मला कळलं नाही' असं तर कुणीच म्हणत नाही, प्रमुख तर नाहीच नाही. जिथे काहीच ठरणार नाही, तिथे मात्र प्रमुखालाही अडाण्यासारखे प्रश्न विचारता येतात आणि बाकीच्यांना त्यांची उत्तरं देण्याचा आनंद मिळतो. आमच्या शाळेत नंतर आम्ही महिन्यातून एक शनिवार असा ठेवला. पहिले तीन शनिवार लोक मला सारखे विचारत होते, "मग बाई, ठरलं काय?" काहीच ठरायचं नाहीये हे पटायला तेवढा वेळ लागला.

मेंढ्याच्या अभ्यासगटाचं फळ दिसलं ते बांबूच्या प्रश्नात. वनहक्क कायदा २००६ साली झाला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी हा हक्क मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक. या कायद्यानं बांबूला गौण वनोपज मानलं आहे, म्हणजे तो तोडून विकण्याचा हक्क गावाचा. पण वनविभागाच्या जुन्या नियमांत बांबू लाकडाच्या रांगेत बसत आला होता, त्यामुळे वाहतुकीचा परवाना मिळेना. परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर काढला तर तो चोरीचा. हक्क कागदावर आणि बांबू जंगलात, अशी अवस्था. गावानं कायद्याचं कलम न् कलम आपसात बसून समजून घेतलेलं होतं, म्हणून ते अधिकाऱ्यांशी त्या कलमांवर बोलू शकले, आणि दोन वर्षं न थकता बोलत राहिले. एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

गावानं ज्ञान फक्त कायद्याचंच घेतलं असंही नाही. पोळं जाळून मध काढायची जुनी रीत सोडून माश्या न मारता मध काढायची रीत त्यांनी शिकून घेतली. दारूबंदीचा विषय निघाला तेव्हा देवाधर्माला लागणारी मोहाची दारू आणि रोजचं पिणं यांतला फरक धरून गाव बराच काळ बोलत राहिलं, आणि त्यात बायकांचं म्हणणं निर्णायक ठरलं. शिवाय संशोधन करायला येणाऱ्यांनी ग्रामसभेची परवानगी घ्यावी आणि आपल्याला काय सापडलं ते गावाला सांगावं, असा त्यांचा आग्रह. नवं म्हणणं शोधायला बाहेर जाणारं आणि बाहेरच्याला दारात थांबवून 'तू काय नेतोस, काय देतोस' असं विचारणारं गाव एकच आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ताज्या दृष्टीच्या शोधात आपण पुष्कळदा मोठ्या शहरातल्या सल्लागाराच्या पायाशी जाऊन बसतो आणि आपल्या भिंतीवरचं वेळापत्रक तसंच राहतं.

याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट दवाखान्याची आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. दोघंही उत्तम शिकलेले, परदेशातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेले. अशा माणसांनी दवाखाना बांधायचा तर नकाशा तयारच असतो. त्यांनी आदिवासींना विचारलं, तुम्ही सरकारी दवाखान्यात का जात नाही? उत्तरं आली ती औषधांबद्दल किंवा पैशांबद्दलची नव्हती. इमारत फार मोठी असते, आत गेलं की हरवल्यासारखं होतं. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आमच्यात पांढऱ्या कपड्यात मेलेल्या माणसाला गुंडाळतात. आजाऱ्याजवळ घरच्यांना राहू देत नाहीत. म्हणून 'सर्च'च्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, रुग्णासोबत नातेवाईक राहतील असा, आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात हा नकाशा सापडला नसता.

मला त्याहून जवळची वाटते ती त्यांच्या कामातली एक छोटीशी वस्तू. लहान मुलाला न्यूमोनिया झाला आहे की नाही, हे त्याच्या श्वासाच्या गतीवरून ओळखता येतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, त्याहून मोठ्या बाळाचे ५० किंवा अधिक, म्हणजे धोका. गावातली दाई बाळाच्या सगळ्यात जवळ असते, पण तिला साठपर्यंत मोजता येत नाही. दहा-बारापर्यंत येतं. शहाणा अधिकारी इथे साक्षरतेचा वर्ग काढेल आणि तो वर्ग पूर्ण होईपर्यंत बाळं दगावत राहतील. बंगांनी दाईला जेवढं मोजता येतं तेवढ्यावरच साधन बसवलं. लाकडी पट्टीवर मणी आणि मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया. मी ती वस्तू डोळ्यांसमोर आणते तेव्हा मला वाटतं की दुसऱ्याच्या जागेवरून पाहणं म्हणजे नेमकं काय, ते या मण्यांत आहे. तिला काय येत नाही, याची यादी करणारा माणूस हे साधन बनवू शकला नसता.

पुढे गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. ३९ गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे त्या अनुभवाचा मोठा वाटा आहे. डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांकडून शरीराबद्दलचे, झाडांबद्दलचे त्यांचे शब्द शिकून घेतले. 'कानोसा' आणि 'गोईण' ही त्यांची पुस्तकं त्यातूनच आली.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्या कामातही हेच वळण आहे. १९७० साली काम सुरू केलं तेव्हा गावागावांत शिकलेल्या परिचारिका ठेवाव्यात असं त्यांच्या मनात होतं. त्या गावात टिकेनात. मग गावानंच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित समाजातल्या बायका आरोग्यसेविका झाल्या. अडचणीपोटी शोधलेली वाट मूळ योजनेपेक्षा सरस निघाली.

हे सगळं वाचून असं वाटेल की लोक म्हणतील ते खरं मानावं. मला तसं म्हणायचं नाही. नव्या दृष्टीतही चुका असतात, पूर्वग्रह असतात. माझ्या शाळेत एका पालकसभेत मुलींनी खेळाच्या तासाला बसूनच राहावं असा आग्रह झाला होता. बोलणारे बहुसंख्य होते आणि माझ्यासाठी ते म्हणणं नवंच होतं. मी ते शांतपणे ऐकलं आणि मान्य केलं नाही. पण ऐकताना एक गोष्ट कळली. मैदानाला लागून पानाची टपरी होती, तिथे रिकामटेकडी पोरं उभी राहायची. पालकांना त्या पोरांची धास्ती होती. मैदानाच्या त्या बाजूला आम्ही कुंपण घालून मेंदी लावली आणि मुली खेळत राहिल्या. मागणी नाकारता येते, पण तिच्यामागचं दुखणं ऐकून घेतल्याशिवाय ती नाकारायचा अधिकार प्रमुखाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक लेखात निरनिराळ्या रूपात आली आहे. ज्याला विचारलं, त्याला परत जाऊन सांगायला हवं, की तुझ्या सांगण्याचं मी काय केलं. केलं असेल तर तसं, केलं नसेल तर का नाही ते. हे आपण हमखास विसरतो. मी मावशींना विसरले होते. तास सकाळी हलवला, मुली परत आल्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांनी कौतुक केलं, आणि ज्यांच्यामुळे हे झालं त्यांना मी जूनपर्यंत काही बोललेच नाही. नंतर शिक्षकांच्या बैठकीत त्यांना बोलावून सगळं सांगितलं. त्या दाराजवळच उभ्या राहिल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. पण त्या दिवसानंतर त्या स्वतःहून काही काही सांगू लागल्या. पाण्याची टाकी कधी रिकामी होते, कुठल्या वर्गातलं पोर डबा आणत नाही, कुणाचा बाप ऊसतोडीला निघालाय आणि पोर कुणाकडे राहणार आहे. यातलं एकही वाक्य माझ्यापर्यंत कधी कुठल्या अहवालातून आलं नव्हतं.

या लेखकांत कुणीही व्यवस्थापनशास्त्राचा पदवीधर नाही आणि त्यांनी सूत्रं दिलेली नाहीत. कोणत्या दिवशी, कुणाकडून, काय ऐकलं आणि त्यानंतर आपलं कोणतं काम बदललं, एवढंच त्यांना लिहायला सांगितलं होतं. काहींनी न बदललेल्या कामांबद्दलही लिहिलं आहे. ते लेख आधी वाचावेत, अशी माझी वाचकांना विनंती आहे, कारण ते लिहायला सगळ्यात जड गेले आहेत.

निवृत्त होईपर्यंत दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या सोमवारी मी सव्वापाचच्या गाडीनं शेवटच्या वाडीपर्यंत जात असे आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर परत येत असे. पहिल्या वर्षी मुली गप्प बसल्या, बाई गाडीत आहेत म्हणून. दुसऱ्या वर्षी थोडं हसू-बोलणं झालं. तिसऱ्या वर्षी सहावीतली एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. फाटा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाई, आमच्या वाडीची मुलं पाचवीत तुमच्याकडे येतात, तेव्हा तुम्ही त्यांना शेवटच्या बाकावर का बसवता?"

मी कधी कुणाला तसं बसवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेला मी पाचवीच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले आणि बाकांवरची मुलं मोजू लागले.